घरच्या मत्स्यालयात स्पंज फिल्टर बसवताना

परीक्षा संपल्या, निकाल लागला किंवा वाढदिवस जवळ आला, की मुलांच्या हट्टापुढे मान तुकवून अनेक घरांत काचेची टाकी येते. मुंबईकर त्यासाठी क्रॉफर्ड मार्केट गाठतात, इतरत्र कोपऱ्यावरचे एखादे दुकान पुरते. टाकीबरोबर रंगीत खडी येते, प्लॅस्टिकची झुडपे येतात, बुडबुडे सोडणारा पंप येतो आणि रबरबँडने तोंड बांधलेल्या पिशवीत चार-सहा मासेही येतात. पहिला आठवडा कौतुकात सरतो. दुसऱ्या आठवड्यात एखादा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, खाणे सोडतो आणि एका सकाळी उलटा तरंगताना आढळतो. पाठोपाठ दुसरा, तिसरा. पाणी मात्र अगदी नितळ असते. त्यामुळे 'दुकानदाराने आजारी मासे दिले' किंवा 'आमच्या घराला मासे लाभत नाहीत' असा निष्कर्ष काढला जातो आणि टाकी माळ्यावर जाऊन पडते.

दुकानदाराचा दोष दर वेळी नसतोच असे नाही. परंतु नव्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होणाऱ्या या मृत्यूंमागे बहुतेक वेळा एकच कारण असते. माशांनी सोडलेल्या उत्सर्जनाची विल्हेवाट लावणारी यंत्रणा त्या टाकीत अद्याप तयारच झालेली नसते. ती यंत्रणा उभी करण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी कटकटीचा मार्ग म्हणजे स्पंज फिल्टर. तो बसवायला अर्धा तास पुरतो. खऱ्या अर्थाने कामाला लागायला मात्र त्याला महिना-दीड महिना लागतो, आणि नेमकी हीच गोष्ट विकत घेताना फारसे कोणी सांगत नाही.

नितळ पाण्यातले विष

मासे आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात. खाऊन उरलेले आणि तळाशी कुजणारे खाद्य त्यात भर घालते. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. दोन फुटी टाकीत तो साचतो. त्याला रंग नसतो आणि सुरुवातीला वासही जाणवत नाही. म्हणूनच पाण्याच्या नितळपणावरून त्याच्या शुद्धतेचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

निसर्गात या अमोनियाचा निचरा जिवाणू करतात. जिवाणूंचा एक गट अमोनियापासून नायट्राइट तयार करतो. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर असा परिणाम करते, की त्याची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नष्ट होते. पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो तो यामुळे. दुसरा गट या नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. नायट्रेट तुलनेने बरेच निरुपद्रवी असते. आठवड्याला थोडे पाणी बदलले, की त्याचे प्रमाण आटोक्यात राहते.

सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतून हे जिवाणू वेगळे काढले, तेव्हापासून हे चक्र विज्ञानाला परिचित आहे. मत्स्यालयाच्या बाबतीत मात्र काही धडे बरेच उशिरा शिकले गेले. नायट्राइटचा फडशा पाडणारा जिवाणू 'नायट्रोबॅक्टर' असतो, असे वर्षानुवर्षे पुस्तकांत लिहिले जात होते. १९९८ मध्ये टिमोथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम प्रामुख्याने 'नायट्रोस्पायरा' करतो, असे दाखवून दिले. पुढे २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकहाती करणारा नायट्रोस्पायराही सापडला. तो ज्या ठिकाणी आढळला, त्यांतील एक ठिकाण मत्स्यपालन केंद्रातील पाण्याची गाळणी हेच होते.

या जिवाणूंना जगायला तीन गोष्टी लागतात. चिकटून राहण्यासाठी पृष्ठभाग, अमोनियाचा सतत पुरवठा आणि प्राणवायूने भरलेले वाहते पाणी. टाकीची काच, खडी, झाडांची पाने यांवरही ते वस्ती करतात, पण तिथे जागा मर्यादित असते. स्पंज म्हणजे छिद्रांचा पुंजका. मुठीत मावणाऱ्या तुकड्याच्या आतील सर्व भिंती उलगडून पसरल्या, तर त्या कितीतरी मोठे क्षेत्र व्यापतील. त्यातून अखंड पाणी वाहत राहिले, की जिवाणूंना हवे ते सारे एका जागी मिळते. स्पंजमध्ये अडकणारा गाळ हा त्या मानाने दुय्यम लाभ आहे.

बुडबुड्यांचे बळ

स्पंज फिल्टरमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. खाली जड बैठक, त्यावर स्पंजची नळकांडी, स्पंजच्या मधोमध उभी प्लॅस्टिकची पोकळ नळी आणि त्या नळीच्या तळाशी हवा सोडणारी बारीक नळी, एवढाच त्याचा संसार. हवा सोडली, की नळीतील पाण्यात बुडबुडे मिसळतात. बुडबुडेमिश्रित पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते नळीतून वर चढते. त्याची जागा घेण्यासाठी बाहेरचे पाणी स्पंजच्या छिद्रांतून आत ओढले जाते. बोअरवेलमध्ये कंप्रेसरची हवा सोडून पाणी वर आणले जाते, त्यामागचे तत्त्व हेच.

या रचनेचा आणखी एक फायदा आपल्या हवामानात विशेष मोलाचा आहे. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. मे महिन्यात टाकीतील पाणी सहज ३० अंशांवर जाते. अशा वेळी वर येणारे बुडबुडे पृष्ठभाग ढवळत राहतात आणि हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळत राहतो. बुडबुड्यांतून थेट मिळणाऱ्या प्राणवायूपेक्षा पृष्ठभागाच्या या हालचालीचा वाटा मोठा असतो.

विजेवर चालणारे बंदिस्त फिल्टर पाणी जोराने खेचतात. त्यात गप्पीची इवलीशी पिल्ले ओढली जातात, लांब परांचा फायटर त्या प्रवाहाने थकून जातो. स्पंजची ओढ सौम्य असते. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या थरावर पिल्ले चरतात. चेन्नईचे कोळत्तूर हे शोभिवंत माशांच्या व्यवसायाचे देशातील मोठे केंद्र आहे. अशा ठिकाणच्या पैदास करणाऱ्यांना स्पंज फिल्टर प्रिय असतो तो याच कारणांसाठी, आणि अर्थातच एका मोठ्या पंपावर अनेक टाक्या चालवता येतात म्हणून.

निवड आणि मांडणी

प्रथम टाकीत पाणी किती मावते ते काढावे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ६१ ने भागावे. येणारा आकडा साधारण लिटरमध्ये असतो. घरोघरी दिसणारी २४ बाय १२ बाय १२ इंचांची टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटरची भरते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात ४५ ते ५० लिटर पाणी राहते. एवढ्या टाकीला मध्यम आकाराचा एक स्पंज पुरतो. तरीही जागा असल्यास दोन लहान स्पंज बसवावेत. त्याचे कारण पुढे, धुण्याच्या वेळी, लक्षात येईल.

स्पंज हाताला भरड लागणारा घ्यावा. फार बारीक छिद्रांचा स्पंज गाळ चांगला पकडतो, परंतु लवकर तुंबतो. पिल्लांच्या टाकीत बारीक छिद्रे चालतील, एरवी भरडच बरा. काचेला चिकटणाऱ्या रबरी चकत्यांवर बसणारे दुहेरी स्पंजही मिळतात. ते तळाची जागा अडवत नाहीत, पण वर्षभरात चकत्या कडक होतात आणि फिल्टर एके दिवशी तरंगू लागतो. जड बैठकीचा फिल्टर या दृष्टीने निश्चिंत. घरातला भांडी घासायचा स्पंज किंवा सोफ्याचा फोम कापून काम भागवण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात कोणती रसायने आहेत हे सांगता येत नाही.

एअर पंपाबरोबर लागणाऱ्या वस्तू तीनच: पुरेशी लांब नळी, हवेचा झोत कमी-जास्त करणारा छोटा कॉक आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. यांतला शेवटचा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित. पंप टाकीतील पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटे वाहू लागते. मग ते पंपात, तिथून सॉकेटमध्ये आणि जमिनीवर पसरते. टाकी रिकामी होते ती वेगळीच. हा प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह ते थांबवतो. व्हॉल्व्हवर बाण असल्यास तो टाकीच्या दिशेने असावा. बाण नसेल तर तोंडाने फुंकून पाहावे. ज्या टोकाने फुंकल्यावर हवा पलीकडे जाते, ते टोक पंपाकडे. शक्य असल्यास पंप टाकीपेक्षा उंचावर, भिंतीवरच्या खिळ्याला टांगावा. मग व्हॉल्व्ह बिघडला तरी धोका राहत नाही, आणि टांगलेल्या पंपाची घरघरही कमी ऐकू येते.

आता प्रत्यक्ष जोडणी. टाकी रिकामी असतानाच थर्मोकोलच्या शीटवर, सपाट आणि भक्कम जागी ठेवावी. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो वजन. त्यात काच आणि खडी मिळवली तर टीपॉय किंवा टीव्हीच्या कपाटावर ते सोपवणे धोक्याचेच. खडी साबण न वापरता, पाणी निवळेपर्यंत धुवून घालावी.

नवा स्पंज साध्या पाण्यात दोन-तीनदा चांगला पिळून घ्यावा. त्यानंतर टाकीच्या पाण्यात बुडवून, बुडालेल्या अवस्थेतच दाबत राहावे. आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि मग तो तळाशी बसतो. ही हवा न काढल्यास स्पंज तरंगत राहतो आणि लोक त्यावर दगड ठेवतात. उभ्या नळीत एअर स्टोन बसवण्याची सोय असेल तर तो जरूर बसवावा. बारीक बुडबुडे पाणी अधिक चांगले उचलतात आणि बुडबुड्यांचा गुडगुड आवाजही मंदावतो. उभी नळी जितकी लांब, तितकी पाण्याची उचल जास्त. तिचे वरचे तोंड पृष्ठभागाच्या किंचित खाली येईल एवढीच ती कापावी. फिल्टर कोपऱ्यात, पण काचेला अगदी न टेकवता ठेवावा, म्हणजे स्पंजच्या सर्व बाजूंनी पाणी आत येऊ शकते.

हवेची नळी फिल्टरला जोडून, काठावरून बाहेर काढून, व्हॉल्व्हमार्गे पंपाला जोडावी. तिला कुठे पीळ पडलेला नसावा. पंपाची वायर सॉकेटपेक्षा खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी सोडावी. वायरवरून ओघळलेले पाणी त्या झोक्याच्या तळाशी ठिबकून जाते, सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. पंप सुरू केल्यावर बुडबुड्यांचा सलग ओघ दिसायला हवा. पाणी उकळत असल्यासारखे वाटले तर हवा जास्त आहे. अशा वेळी नळी आवळून पंप गुदमरवण्यापेक्षा टी-जोडणी लावून जादा हवा बाहेर सोडावी, म्हणजे पंपाच्या आतील रबरी पडद्यावर ताण येत नाही.

यानंतर पंप बंद करायचा नाही. रात्रीही नाही, आणि बाहेरगावी जातानाही नाही. 'दिवसातून दोन तास हवा सोडली की पुरे' हा सल्ला अजूनही ऐकू येतो. नुसते बुडबुडे सोडणाऱ्या शोभेच्या खेळण्यापुरता तो ठीक होता. स्पंजमधील जिवाणूंचा श्वास मात्र त्या पंपावर चालतो. विजेच्या बिलाची चिंताही अनाठायी आहे. तीन वॅटचा पंप महिनाभर अहोरात्र चालला तरी सव्वादोन युनिटही लागत नाहीत.

विरजणाची गोष्ट

फिल्टर सुरू झाला, बुडबुडे येऊ लागले, म्हणजे टाकी तयार झाली असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी स्पंज कोरा असतो. आपण ज्यांच्याशी परिचित आहोत ते दह्याचे जिवाणू एका रात्रीत दूध विरजवतात. अमोनिया खाणारे जिवाणू अत्यंत संथ. त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक तास, प्रसंगी दिवसभरही लागतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांचा काळ गृहीत धरावा लागतो. या काळात आधी अमोनिया वाढतो. तो उतरू लागला, की नायट्राइट चढते, आणि तेही उतरले की चक्र पूर्ण होते. मासे मरतात ते या दोन चढांवर.

उत्तम मार्ग म्हणजे या काळात मासे न आणणे. रोज माशांच्या खाद्याची छोटी चिमूट टाकीत टाकावी. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. घरातील मुलांना महिनाभर रिकाम्या टाकीला खाऊ घालायला सांगणे अवघड असते, हे मान्य. पण टाकी आधी आणि मासे निकालानंतर असा बेत आखला, तर तेही जमून जाते.

घाई असेल तर विरजण शोधावे. ज्यांच्याकडे निरोगी मासे असलेली जुनी टाकी आहे, अशा परिचितांच्या टाकीत आपला नवा स्पंज तीन-चार आठवडे चालवून घ्यावा, किंवा त्यांच्या जुन्या स्पंजचा एक तुकडा मागून आणावा. तो टाकीच्याच पाण्यात बुडवून, ओला ठेवून, त्याच दिवशी आपल्या टाकीत घालावा. नळाच्या पाण्याखाली धरला किंवा वाळू दिला, तर विरजण मेलेच समजावे. अर्थात त्या टाकीत रोग असल्यास तोही सोबत येतो, तेव्हा ओळख माशांशीही असावी. बाटलीतले तयार जिवाणूही बाजारात मिळतात. त्यांचा गुण ती बाटली किती जुनी आणि कोणत्या उन्हात ठेवलेली होती यावर अवलंबून असल्याने त्यांच्यावर एकट्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही.

मासे आधीच घरात आलेले असतील, तर खाणे निम्म्यावर आणावे. दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि एक दिवसाआड पाव भाग पाणी बदलावे. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे संच दुकानांत मिळतात. दोन्ही शून्यावर आल्याशिवाय नवे मासे आणू नयेत. नायट्राइट वाढलेले दिसले, तर ५० लिटर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइड माशांच्या शरीरात शिरणाऱ्या नायट्राइटला अटकाव करते. हा तात्पुरता उपाय आहे, पाणी बदलण्याला पर्याय नाही.

नळाला येणाऱ्या पाण्याकडेही लक्ष द्यावे लागते. महापालिकेचे पाणी क्लोरीनयुक्त असते आणि जिवाणू मारणे हेच क्लोरीनचे काम. तो चांगले-वाईट असा भेद करत नाही. उघड्या बादलीत २४ तास ठेवलेल्या पाण्यातून क्लोरीन बहुतांशी निघून जातो. क्लोरामाइन वापरलेले असेल तर तो असा निघत नाही. दुकानात मिळणाऱ्या क्लोरीनरोधक थेंबांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते, म्हणजे जुन्या छायाचित्रकारांच्या डार्करूममधला 'हायपो'. ते क्लोरीन क्षणार्धात निष्प्रभ करते.

मुंबईला तलावांतून येणारे पाणी बरेच मृदू असते. जिवाणूंच्या कामात पाण्यातील कार्बोनेट खर्च होतात. ती मुळातच कमी असल्यास काही महिन्यांत पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. नियमित पाणी बदलणे आणि टाकीत थोडे शिंपल्यांचे तुकडे टाकणे हा त्यावरचा सोपा इलाज. शोभेसाठी प्रवाळ मात्र आणू नये, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. बोअरवेलच्या पाण्याची अडचण नेमकी उलटी. ते बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला, की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून बोअरवेलवर अवलंबून असणाऱ्या सोसायट्यांत नव्या टाकीला अधिक सबुरी हवी. आणि 'शुद्ध' म्हणून घरच्या आरओ यंत्राचे पाणी टाकीत ओतणे तर दोन्हीकडे चुकीचे. त्यात माशांना आणि जिवाणूंना लागणारे क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात.

रविवारची साफसफाई

मध्यमवर्गीय घरांत टाकी धुणे हा रविवारचा एक विधी असतो. मासे बादलीत, टाकी मोरीत, खडी चाळणीत आणि स्पंज नळाच्या धारेखाली, अगदी पांढरे पाणी येईपर्यंत. दुपारपर्यंत टाकी आरशासारखी लखलखते. पुढच्या गुरुवारपर्यंत मासे मलूल होतात. इतक्या निगुतीने स्वच्छता करूनही मासे का मरतात, हे कोडे त्या घराला उलगडत नाही. महिनाभर जमवलेली जिवाणूंची वस्ती त्या क्लोरीनच्या धारेखाली वाहून गेलेली असते. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, मासे मात्र पहिल्या दिवसाइतके मोजके उरलेले नसतात.

स्पंज धुवायची पद्धत अगदी सोपी आहे. आठवड्याला पाव भाग पाणी बदलताना जे जुने पाणी बाहेर काढले जाते, ते बादलीत घ्यावे. बुडबुड्यांचा ओघ मंदावला असेल, तरच स्पंज काढावा. बहुधा दोन ते चार आठवड्यांनी ती वेळ येते. उचलताना त्यातला गाळ टाकीत सांडतो, म्हणून पाण्यातच त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन मग बाहेर आणावा. बादलीतल्या पाण्यात चार-पाचदा पिळावा आणि परत ठेवावा. तो तपकिरी दिसला तरी तसाच असू द्यावा. तो रंग तिथल्या जिवाणूंच्या आणि गाळाच्या थराचा असतो. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच पिळावा, दुसरा पंधरा दिवसांनी. बादलीतले गढूळ पाणी कुंड्यांना घालावे, तुळशीला आणि मोगऱ्याला ते मानवते.

दुकानातून मिळणारे 'निळे औषध' हा आणखी एक छुपा शत्रू. मिथिलीन ब्लू काही रोगांवर उपयोगी आहे यात शंका नाही. पण नव्या टाकीत खबरदारी म्हणून ते सरसकट घालण्याचा प्रघात घातक आहे, कारण त्याने हे जिवाणूही खच्ची होतात. अँटिबायोटिकांबाबतही तीच सावधगिरी हवी. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात काढून तिथेच औषध द्यावे.

वीज गेली तर

२००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या मोठ्या भागाने तासन्‌तास भारनियमन सोसले, तेव्हा घरोघरच्या मत्स्यालयांनाही त्याची झळ बसली. आता परिस्थिती पालटली असली, तरी वळवाच्या पावसात झाड पडून किंवा रोहित्र जळून वीज चार-सहा तास जाणे शहरांनाही नवीन नाही. अशा वेळी माशांना खायला घालू नये. मगने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओतत राहावे. सेलवर किंवा मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारे छोटे एअर पंप मिळतात. त्यांतला एक घरी असावा. त्याची नळी थेट स्पंज फिल्टरलाच जोडता येते, म्हणजे मासे आणि जिवाणू दोघांचीही सोय होते. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या इतर फिल्टरांना ही सवलत नाही.

स्पंज टाकीत उघडाच असल्याने बंद डब्यातल्या फिल्टरपेक्षा तो अधिक काळ तग धरतो, तरी त्यालाही मर्यादा आहे. वीज बराच वेळ, विशेषतः उन्हाळ्यातली पूर्ण रात्र गेलेली असेल, तर पंप सुरू करण्यापूर्वी स्पंज बाहेर काढून वास घ्यावा. सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर आतील वस्ती मेली आहे. तो टाकीच्या पाण्यात नीट पिळून मगच परत बसवावा आणि पुढचे दहा-पंधरा दिवस टाकी नवी समजून खाणे कमी, पाणीबदल अधिक, असे पथ्य पाळावे.

स्पंज फिल्टरला काही जमत नाही तेही सांगायला हवे. पाणी काचेसारखे चकाकवण्याचे काम तो बेताचेच करतो. तळावरची विष्ठा तो उचलत नाही, ती सायफनच्या नळीनेच काढावी लागते. वीतभर वाढलेले गोल्डफिश, ऑस्कर किंवा फ्लॉवर हॉर्न यांच्या घाणीपुढे एकटा स्पंज अपुरा पडतो. गप्पी, मॉली, टेट्रा, फायटर यांच्या घरगुती टाकीला मात्र तो पुरून उरतो. आणि दिसायला तो सुंदर नाही, हा आक्षेप तर खराच. समोर एखादे झाड लावून तो झाकता येतो.

चांगला स्पंज कैक वर्षे टिकतो. दाबल्यावर तो पूर्ववत फुगेनासा झाला किंवा त्याचे कण गळू लागले, की बदलण्याची वेळ आली असे समजावे. तेव्हाही जुना लगेच कचऱ्यात टाकू नये. नवा स्पंज त्याच्या शेजारी बसवून दोन्ही महिनाभर एकत्र चालवावेत, मग जुना काढावा.